गरोदरपणात रात्री हात बधिर होतात? आधी मनगट सरळ करा

सातवा महिना लागला तेव्हा वैशाख पेटला होता. मालवणकडचा मे महिना, पंखा चालू असला तरी पाठीला घाम. खळ्यात रातांबे येऊन पडले होते आणि घरातल्या सगळ्यांचे हात लाल. त्यातल्याच एका पहाटे तहान लागली म्हणून उठले, तांब्या उचलला आणि तो खाली पडला. हातातून निसटला असं म्हणता येणार नाही, कारण तो हातात आहे हेच मला कळलं नव्हतं. आवाजानं सासूबाई उठल्या, माझे हात हातात घेऊन चोळत बसल्या आणि म्हणाल्या, "असाच असता गो. बाळातपण झाला की जाता."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. बाळंतपणानंतर ते गेलंच. पण 'जाईल आपोआप' म्हणून मी तीन आठवडे रोज रात्री तीन-तीनदा उठून हात झटकत बसले, ते मात्र फुकट गेलं. एका बाईंनी, त्या फिजिओथेरपिस्ट, माझं मनगट सरळ करून एक पट्टा बांधला आणि चौथ्या रात्री मी सलग पाच तास झोपले. मी डॉक्टर नाही. दोन गरोदरपणांत हे दुखणं काढलं आणि दुसऱ्या वेळी ते कसं हाताळायचं हे आधीपासून ठाऊक होतं, एवढीच माझी लायकी. पहिल्या वेळी कुणी हे सांगायला हवं होतं, म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी: हे दुसरंच काही दुखणं नव्हे ना?

हात सुजणं आणि बधिर होणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण खाली सांगितलेलं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी दवाखाना गाठा.

हातांबरोबर चेहरा, डोळ्यांभोवतीचा भाग अचानक सुजला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे किंवा धुरकट, बरगड्यांच्या खाली पोटात दुखतंय, लघवी कमी झालीय: हा रक्तदाब वाढल्याचा प्रकार असू शकतो. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याच्या वर दाब गेला तर तो डॉक्टरांनी त्याच दिवशी बघायला हवा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतही हे होऊ शकतं, हे फार जणींना माहीत नसतं.

एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, यात एक तासही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा.

मान दुखते आणि कळ मानेतून खांद्यावाटे हातात उतरते, किंवा पडल्यानंतर मनगट दुखायला लागलं, तर कारण वेगळं. तेही दाखवा. मी पुढे लिहितेय ते त्यासाठी नाही.

करंगळीला विचारा

पुढच्या वेळी हात बधिर होऊन जाग आली की दिवा लावा आणि एकेक बोट दुसऱ्या हातानं चिमटून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर, पण करंगळी शाबूत? मग दुखणं मनगटातलं आहे, असं समजायला बऱ्यापैकी आधार आहे. याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अर्धवट झोपेत 'सगळा हात मेलाय' असंच वाटतं, मलाही वाटायचं. फिजिओबाईंनी कागदावर हाताचा आकार काढून दिला आणि म्हणाल्या, जाग येईल तेव्हा बधिर भाग रंगवून आणा. तीन रात्री पेन्सिल उशाशी ठेवली. तिन्ही चित्रांत करंगळी पांढरीच.

मुंग्या फक्त करंगळीत आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या बाजूला येत असतील, तर ती नस वेगळी आणि ती बहुधा कोपराशी दबते. दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असेल आणि बधिरपणा नसेल, तर तोही वेगळा प्रकार. त्याबद्दल शेवटी.

घरी करून बघण्याची एक चाचणी आहे. दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकींना चिकटवून, बोटं जमिनीकडे करून, कोपरं बाजूला पसरून एक मिनिट थांबायचं. त्या ६० सेकंदांत त्याच साडेतीन बोटांत मुंग्या आल्या की संशय पक्का होतो. मुंग्या सुरू झाल्या की लगेच हात सोडा, मिनिट पुरं करायचा हट्ट नको. आणि काहीच झालं नाही तर 'मला ते नाही' असाही निष्कर्ष काढू नका. चाचणी चुकतेही.

आत काय चाललंय

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना हाडं, वर एक जाड, न ताणणारी पट्टी. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा मिटणाऱ्या ९ दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर एक नस, मीडियन नर्व्ह. दोऱ्या चिवट असतात. नस मऊ असते.

गरोदरपणात अंगात पाणी धरतं. पायांवर ते दिसतं, चपलेचे वळ उठतात. मनगटात ते दिसत नाही, पण बोगद्यात जागा तेवढीच आणि आतला माल फुगलेला, मग दाब त्या नसेवर. म्हणून हे बहुधा सहाव्या महिन्यानंतर सुरू होतं आणि बरेचदा दोन्ही हातांत होतं.

मग रात्रीच का? दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर अंगभर पसरतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: झोपेत आपण मनगट मुडपतो. हात गालाखाली, उशीखाली, छातीशी. मनगट पुढे वाकलं की बोगदा आणखी चेपतो. मागे वाकवलं तरी तेच. दाब सगळ्यांत कमी असतो तो मनगट सरळ असताना. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. तेलानं चोळून हे पाणी निघत नाही. सासूबाईंच्या हाताला माया होती, आणि चोळताना बरंही वाटायचं, पण तासाभरात हात पुन्हा तिथंच.

पट्टा: काय मागायचं, कसा बांधायचा

मेडिकलच्या दुकानात 'मनगटाचा पट्टा द्या' म्हटलं की बहुतेक वेळा खेळाडू घालतात तसला लवचीक गुंडाळण्याचा पट्टा हातात पडतो. मलाही एका दुकानात तोच दिला होता. त्यानं मनगट आवळतं, सरळ राहत नाही. क्रेप बँडेजचंही तसंच. तुम्हाला हवा आहे 'रिस्ट स्प्लिंट', ज्यात तळव्याच्या बाजूला कप्प्यात एक कडक पट्टी असते. काही शे रुपयांत मिळतो. दोन्ही हातांना त्रास असेल तर दोन घ्या. डावा-उजवा वेगळा येतो, तो बघून घ्या.

घेताना माप संध्याकाळी द्या, सकाळी नाही. संध्याकाळचं मनगट जाड असतं.

बरेच पट्टे मनगट थोडं मागे झुकेल अशा बाकाचे येतात. आपल्याला सरळ हवं. आतली पट्टी धातूची असेल तर ती काढून वाकवून सरळ करता येते. माझी त्या बाईंनी टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली. हाताची मागची बाजू आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला की झालं. बांधल्यावर तळव्यावरच्या मुठीच्या रेषेपुढची बोटं मोकळी हवीत, पाचही बोटं मिटता यायला हवीत, आणि बंदाखाली एक बोट सहज सरकायला हवं. 'घट्ट बांधला की जास्त गुण' हे इथं उलटं आहे. घट्ट पट्टा म्हणजे बोगद्यावर बाहेरूनही दाब.

रोज रात्री घाला, त्रास होवो न होवो. एखादीला पहिल्याच रात्री फरक पडतो, मला चार रात्री लागल्या, पण दोन-तीन आठवडे रोज घातल्याशिवाय 'उपयोग नाही' म्हणून कोपऱ्यात टाकू नका. दिवसा फार त्रास असेल तर विश्रांतीच्या वेळी घाला. कामं करताना दिवसभर घालून ठेवला तर हात कमजोर पडतो आणि पट्ट्याशी झगडत काम केल्यानं खांदा दुखतो.

आता आपल्याकडच्या हवेचं. हा पट्टा घामानं भिजतो, आणि पावसाळ्यात तर धुतलेला वाळतच नाही. आत घालायला जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून नळी करा, तशा तीन-चार ठेवा आणि रोज बदला. पट्टा धुताना आतली कडक पट्टी काढायला विसरू नका. मृगानंतर मी तो रात्री घालायचा म्हणून सकाळीच चुलीच्या वरच्या दांडीवर टाकायचे. धुराचा वास यायचा, पण ओल्या पट्ट्यानं खाज आणि बुरशी होते, त्यापेक्षा बरं.

पट्टा मिळायला दोन दिवस लागणार असतील तर तोवर जुगाड चालतो. मी पुतण्याची १५ सेंटिमीटरची प्लास्टिकची फुटपट्टी घेतली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात चार वेढे गुंडाळली, ती तळव्याच्या मध्यापासून कोपराच्या दिशेनं मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवली आणि वरून सैल फडकं बांधलं. झोपेत मनगट मुडपायला गेलं की ती आठवण करून देते, एवढंच तिचं काम. आवळून बांधू नका, आणि बोटं गार किंवा निळसर वाटली तर लगेच सोडा.

झोपायचं कसं, आणि जाग आली तर

शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायला सांगतात. त्यात खालचा हात अंगाखाली चेपतो. तो खांद्यापासून पुढे काढून घ्या, म्हणजे वजन खांद्याच्या मागच्या बाजूला येईल. पुढ्यात एक वाकळ गुंडाळून ठेवा आणि वरचा हात तिच्यावर लांब सोडा, पंजा छातीच्या पातळीला. गालाखाली हात घ्यायची सवय मोडायला वेळ लागतो. पट्टा असला की ती निम्मी आपोआप मोडते, कारण तो गालाला टोचतो.

जमिनीवर अंथरूण असेल तर उठताना सांभाळा. पोटुशी बाई तळवा जमिनीवर टेकून सगळं वजन मनगटावर घेते, मनगट पूर्ण मागे वाकतं, आणि दिवसातून दहादा हे होतं. आधी कुशीवर वळा, मग कोपर आणि कोपराखालचा हात टेकून उठा, किंवा शेजारी पाट, स्टूल ठेवून त्याचा आधार घ्या. शक्य असेल तर या महिन्यांपुरती खाट बरी.

मध्यरात्री जाग आलीच तर थर्मामीटर झटकतो तसे हात सैल झटका. मग मनगट सरळ ठेवून हळूहळू मूठ मिटा-उघडा, आठ-दहा वेळा. बहुतेकदा पाच मिनिटांत जीव येतो. गरम पाण्याची पिशवी बधिर हातावर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. थंड पाण्यात पिळलेलं फडकं मनगटावर दहा मिनिटं ठेवलं तर चालतं. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळूनच.

दिवसाची कामं: इथंच खरी मेख

रात्रीचा पट्टा घालून दिवसा विळीवर चार नारळ खोवलेत, तर हिशेब शून्य. इथं घरच्यांशी बोलावं लागतं. आणि 'मला त्रास होतो' एवढं बोलून भागत नाही. नेमकं कोणतं काम नको, ते नाव घेऊन सांगावं लागतं, नाहीतर उत्तर मिळतं, 'मग थोडी पड जा.' दुपारी पडून राहायचं आणि संध्याकाळी कपडे पिळायचे, याला विश्रांती म्हणत नाहीत.

नसेला कशाचा त्रास होतो? मनगट वाकवून जोर लावणं, चिमटीत घट्ट धरणं, तीच हालचाल पुन्हापुन्हा करणं, आणि थरथर. या चार गोष्टींची चाळणी लावून मी घरातली कामं बघितली तेव्हा यादी अशी निघाली.

नारळ खोवणं पहिल्या नंबरावर. आडाळ्यावर बसून अर्धी वाटी दोन्ही हातांत धरायची, दाबायची आणि मनगट फिरवत राहायचं: वाकणं, जोर, पुनरावृत्ती तिन्ही एकदम. वर पोट आडवं येतं म्हणून हात आणखी वेडावाकडा होतो. कोकणातल्या घरात नारळाला सुटी देणं अशक्य, पण खोवणारे हात बदलता येतात. नवरा मे महिन्यात मुंबईहून आला होता. पहिल्या दिवशी त्यानं खोबऱ्याबरोबर करवंटीही खोवली, आमटीत काळे कण. चौथ्या दिवसापर्यंत बरा खोवायला लागला. खोवणारं कुणी नसेल तर वाटीतून खोबऱ्याचे काप दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या आणि मिक्सरला लावा. वाटपाला काही फरक पडत नाही. सोलकढीला पडतो, असं सासूबाईंचं मत. मला नाही वाटत.

कपडे पिळणं तितकंच वाईट. जाड चादर, जीन्स पिळताना घट्ट पकड आणि पीळ एकत्र येतो. जड कपडे दुसऱ्यांनी पिळायचे, किंवा न पिळता दांडीवर तसेच टाकून निथळू द्यायचे. उन्हाळ्यात हे सहज जमतं. पावसाळ्यात जमत नाही, तेव्हा जड कपडे सरळ दुसऱ्याच्या वाट्याला.

भाकरीचं पीठ मळताना आणि थापताना तळव्याच्या मुळावर दाब येतो, नेमका बोगद्याच्या वर. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे भाकरी कमी आणि घावणे जास्त झाले. घावण्याला पीठ भिजवायचं आणि ओतायचं. सकाळी उकड्या तांदळाची पेज होतीच. विहिरीवर राजू, म्हणजे दोर, ओढून पाणी शेंदणं पोटासाठीही नको आणि हातासाठीही नको. कोळंबी सोलणं, बारीक मासे साफ करणं ही चिमटीची कामं. वाटीभर असेल तर करा, टोपलीभर नको.

रातांबे फोडणं, काजू फोडणं यावर ज्यांचं पोट आहे त्यांना 'काम सोडा' म्हणणं सोपं नाही. काजूच्या कारखान्यात बसणाऱ्या माझ्या शेजारणीनं मुकादमाशी बोलून दोन महिने फोडण्याऐवजी निवडण्याचं काम घेतलं. सगळीकडे ऐकतीलच असं नाही, पण विचारावं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात असली तर विचारणं सोपं जातं. काम बदलत नसेल तर निदान दर वीस मिनिटांनी हात खाली ठेवून बोटं मिटा-उघडा, आणि हत्याराची बारीक मूठ फडक्यानं जाड करून घ्या. जाड मुठीला बोटं कमी आवळावी लागतात. झाडूला, उलथन्याला, सुरीला हीच युक्ती.

स्कूटर? आमच्या रस्त्यांवर हँडल घट्ट धरून येणारी थरथर सरळ मनगटात जाते. हाताला पकड नसताना ब्रेक लागला नाही तर काय, हा प्रश्न त्याहून मोठा. बधिरपणा दिवसाही असेल तर चालवू नका.

आणि मोबाइल. दुपारी कुशीवर पडून एका हातात फोन धरून अंगठ्यानं वर-खाली करत राहणं. मी स्वतः याच गटातली आहे म्हणून जास्त बोलत नाही. फोन वाकळीला टेकवून ठेवा, लिहायचं ते बोलून पाठवा.

बांगड्या, अंगठ्या, आणि डोहाळजेवण

याच दिवसांत डोहाळजेवण येतं आणि हातात हिरवा चुडा भरला जातो. माझं नेहमीचं माप दोन-चार. कासारानं सवयीनं तेच काढलं, हात चेपून, साबण लावून भरलं, आणि संध्याकाळपर्यंत बांगड्यांच्या वर-खाली मांस फुगून आलं. काचेच्या असल्यानं काढताना दोन फुटल्या, एक लागली. वर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं, ते वेगळंच.

तेव्हा आधीच सांगून ठेवा: सुजलेल्या हाताचं माप घ्यायचं, दोन-सहा किंवा दोन-आठ, म्हणजे बांगडी हातावर मोकळी फिरेल आणि रात्री काढता येईल. पट्ट्याखाली काचेची बांगडी ठेवून झोपू नका. आमच्याकडे तोड निघाली ती अशी: कार्यक्रमात पूर्ण चुडा, दुसऱ्या दिवसापासून दिवसा दोन्ही हातांत एकेक, रात्री देवापुढच्या तबकात. सासूबाईंनी एकदा भुवया उंचावल्या आणि विषय तिथंच संपला.

अंगठी मात्र सहाव्या महिन्यातच काढून ठेवा. अडकलीच असेल तर हात दहा मिनिटं डोक्याच्या वर धरा, थंड पाण्यात बुडवा, मग खोबरेल तेल लावून फिरवत काढा. तरी निघाली नाही आणि बोट रंग बदलतंय, तर सोनाराकडून किंवा दवाखान्यात कापून घ्या.

मिठाबद्दल सगळे सल्ले देतात. मीठ तोडू नका आणि पाणी कमी करू नका, त्यानं ही सूज जात नाही. सुका बांगडा, खारातली मिरची, लोणचं रोज ताटात असेल तर ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणणं शहाणपणाचं, तेवढंच.

दोन मिनिटांचा व्यायाम

दिवसातून तीन वेळा, मनगट सरळ ठेवून, कोपर टेबलावर टेकून:

१. पंजा सरळ, बोटं आढ्याकडे.
२. बोटांची वरची दोन पेरं वाकवून गळासारखा आकार. मुठीचे सांधे सरळच.
३. पूर्ण मूठ, सैल.
४. मुठीच्या सांध्यातून बोटं काटकोनात, बोटं स्वतः ताठ, पाटासारखी.
५. बोटांची टोकं तळव्याच्या मुळाला, शेवटची पेरं सरळ.

प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद, असे पाच फेरे. बोगद्यातल्या दोऱ्या एकमेकींवर सरकत्या राहाव्यात यासाठी हे आहे, ताकदीसाठी नाही. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम या दिवसांत अजिबात नको, त्यानं बोगद्यातला दाब वाढतो. नस ताणण्या-सरकवण्याचे व्यायाम वेगळे असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिका. मोबाइलवर बघून केले आणि जास्त ताणलं तर मुंग्या वाढतात. मनगट 'बसवून' देणाऱ्याकडे जाऊन झटका मारून घेऊ नका. काहीही निखळलेलं नसतं.

गोळ्या आणि मलमं

दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मापात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गटातली औषधं आपण होऊन घ्यायची नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०२० मध्ये इशारा दिला की २० आठवड्यांनंतर ती टाळावीत, कारण बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी आकसण्याचाही धोका असतो. घरात कुणाच्या कंबरेसाठी आणलेली गोळी नेमकी याच गटातली असते. दुखण्यावरच्या जेलमध्येही हेच औषध असू शकतं, तेव्हा 'वरून तर लावायचंय' म्हणून सूट नाही. पाणी उतरवण्याच्या गोळ्या नकोत. ताकदीच्या जीवनसत्त्वांचं म्हणाल, तर बी-१२ कमी निघालं तर डॉक्टर देतीलच. पण बी-६ मोठ्या मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानंच नसा बिघडतात.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं

मी पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा ती 'सूज आहे, जाईल' या तीन शब्दांत संपली. चूक माझीही होती. मी 'हात दुखतात' एवढंच म्हणाले होते. दुसऱ्या वेळी तो रंगवलेला कागद पुढे ठेवला: ही बोटं, रात्री इतक्या वेळा जाग, दिवसा भांडं सुटतं. लगेच ऐकलं गेलं.

रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन, साखर आणि थायरॉइड झालंय का ते विचारा. साखर वाढलेली किंवा थायरॉइड कमी असेल तर हे दुखणं जास्त होतं, आणि ते दोन्ही बाळासाठीही बघायलाच हवं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची तपासणी मोफत होते. आशाताईंना सांगून ठेवा, त्या तारीख विसरू देत नाहीत. कणकवली, सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ असेल तर फिजिओथेरपीचे दिवस आधी विचारून जा, नाहीतर एसटीची फेरी वाया.

बधिरपणा चोवीस तास राहायला लागला, अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसतोय, साडीची पिन किंवा ब्लाउजचं हुक लावता येत नाही: मग बाळंतपणाची वाट बघू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन हा एक मार्ग असतो. ते तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांशी बोलून देतात. बोगद्यावरची पट्टी मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रियाही जागेवर भूल देऊन होते, पण गरोदरपणात ती वेळ फार थोड्या जणींवर येते.

बाळ आल्यावर

सूज उतरते तसा बधिरपणा उतरतो. कुणाचा आठवड्यात, कुणाचा काही महिन्यांत. माझा पहिल्या वेळी बाराव्यापर्यंत निम्मा आणि तीन महिन्यांत पूर्ण गेला. तीन महिन्यांनंतरही रात्री जाग येत असेल तर नसेची तपासणी करून घ्या.

तोवर दोन गोष्टी सांभाळा. बाळाच्या आंघोळीचं पाणी बोटांनी बघू नका, कोपर बुडवून बघा. न्हाऊ घालणारी बाई असली तरी एकदा स्वतः बघा. आणि पाजताना बाळाचं डोकं मुडपलेल्या मनगटावर तोलू नका. मांडीवर उशा रचून बाळ वर आणा, म्हणजे हात फक्त टेकायला राहतो.

आणि ते अंगठ्याच्या बाजूचं दुखणं. बाळाला काखेत दोन्ही अंगठे घालून उचललं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ बसते. दिवसातून तीसदा उचलल्यावर ती ठाण मांडते. फ्रिट्झ द कर्वेन या स्विस सर्जननं १८९५ मध्ये हे दुखणं नोंदवलं, म्हणून त्याचं नाव चालतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं आणि जीव कळवळला, की बहुधा तेच. याला अंगठाही आवरणारा वेगळा पट्टा लागतो, तुमचा जुना चालत नाही. उचलताना अंगठे बोटांशी जोडून ठेवा आणि तळवे बाळाच्या खालून घाला, सुपानं तांदूळ उचलतो तसे.

रात्रीचा पट्टा सोडताना एकदम सोडू नका. आधी एक रात्र आड घाला. आठवडाभर जाग आली नाही तर दोन रात्री आड. मी दर वेळी असाच सोडला आणि धुऊन, वाळवून, बाळंतविड्याच्या पेटीत ठेवला. सध्या तो जावेकडे आहे, तिला सहावा लागलाय.